शेपटीचे चाक

आमच्या आपाचा धाकटा मुलगा १९ वर्षांचा आहे. दहावीनंतर त्याने आयटीआयमधून फिटरचा ट्रेड केला आणि आता काशीमीऱ्याला दुल्हाभाईंच्या गाळ्यात काम करतो. गाळा स्लायडिंग खिडक्यांचा. ॲल्युमिनिअम कापायचे, भोके पाडायची, रिव्हेट मारायचे, काच बसवायची. हात चांगला आहे पोराचा. दुल्हाभाई सहसा कोणाचे कौतुक करत नाहीत, पण याने जोडलेल्या चौकटीला गुण्या लावून बघत नाहीत, एवढे आम्ही पाहिले आहे.

रमजानच्या आधी एका जुम्याला आपा आमच्याकडे आली ती रडवेली होऊनच. पाणीही न घेता म्हणाली, "भाई, तूच समजाव त्याला. विमान बनवणार म्हणतो. गाळ्याच्या पोटमाळ्यावर. आणि बनवून झालं की त्याच विमानात उडायला शिकणार म्हणतो."

आम्हाला हसू आले. ते तिला आवडले नाही. मग कळले की प्रकरण हसण्याच्या पुढे गेले आहे. कोणा एजंटाने त्याला बाहेरदेशातून विमानाचे सुटे भाग, म्हणजे 'किट', आणून देतो असे सांगितले होते आणि टोकन म्हणून ४० हजार रुपये घेतले होते. पुढच्या हप्त्यासाठी आपाच्या बांगड्यांचा विषय निघाला, तेव्हा घरात सगळ्यांना समजले.

आम्ही त्याच संध्याकाळी गाळ्यावर गेलो. नाक्यावर मेट्रोच्या खांबांखाली नेहमीचीच कोंडी होती, पोहोचेपर्यंत मगरिब झाली. नमाज आटोपून भाच्याशेजारी बसलो. त्याने मोबाइल काढला आणि एकामागून एक व्हिडिओ दाखवू लागला. अमेरिकेतला कोणी शाळामास्तर, कोणी सुतार, घराच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे खपून दोन माणसांचे विमान उभे करतो आणि गवताच्या पट्टीवरून ते उडवायला शिकतो. त्या विमानांची बसायची ढब आम्हाला विचित्र वाटली. पुढे दोन मोठी चाके आणि मागे शेपटीखाली लिंबाएवढे एक चाक. नाक आभाळाकडे, बूड जमिनीला.

"हे असं बसलेलं का?" आम्ही विचारले.

"मामू, शेपटीवर टेकणारं विमान आहे हे. पुढच्या चाकाचा जड दांडा वाचतो, वजन कमी, खर्च कमी. पंखा जमिनीपासून उंच राहतो, म्हणून खडबडीत माळावरही चालतं. घरी बनवणारे बरेच जण हेच बनवतात."

पोराला माहिती होती, हे मान्य करायला हवे. 'आपण बनवू शकतो' ही त्याची खात्रीही अगदीच हवेतली नव्हती. आमच्या काशीमीऱ्यापासून हायवेने दहिसर ओलांडले की पुढे कांदिवली. तिथे चारकोपला कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. आधीचे दोन प्रयत्न फसले होते. तिसरे विमान २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. त्याची सरकारी नोंदणी व्हायला २०१७ साल संपत आले आणि उडवून बघण्याची परवानगी मिळायला २०१९ उजाडले. भाच्याने हे सगळे पाठ केले होते. फक्त साले सांगताना तो घाई करत होता. आम्ही त्याला थांबवून पुन्हा मोजायला लावले. पहिला प्रयत्न १९९८ चा, परवानगी २०१९ ची. बोटे मोजता मोजता तो जरा गप्प झाला. आणि यादव हे आधीपासूनच पेशाने वैमानिक होते. विमान बांधता बांधता उडायला शिकले, असे नव्हे.

दुल्हाभाई इतका वेळ कटरशी खटपट करत होते, लक्ष नसल्यासारखे. एकदम म्हणाले, "पत्रा कुठला वापरतात?"

भाच्याने आकडा सांगितला, २०२४. दुल्हाभाईंनी मान हलवली. आपल्या खिडक्यांचे सेक्शन ६०६३ चे असते, ते मऊ. विमानाच्या अंगाला तांबे मिसळलेला २०२४ किंवा ताकदीला त्याहून थोडा कमी असलेला ६०६१ लागतो. आणि प्रत्येक पत्र्याबरोबर तो कुठल्या कारखान्यात कधी बनला याचा कागद लागतो. रिव्हेटसुद्धा आपण मारतो तसे बाजारातले पॉप रिव्हेट चालत नाहीत, प्रत्येकाला ठरावीक नंबर असतो. "म्हणजे भंगारवाल्याकडून आणलेलं काही चालणार नाही," दुल्हाभाई म्हणाले आणि पुन्हा कटरकडे वळले. बापाने विमानाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता, असे भाच्याने नंतर सांगितले.

आम्हाला या विषयातले काही कळत नाही. म्हणून ओळखीतून शोधत मीरा रोडला राहणाऱ्या एका निवृत्त प्रशिक्षकांपर्यंत पोहोचलो. वय ऐंशीच्या घरात. आयुष्य फ्लाइंग क्लबमध्ये पोरांना शिकवण्यात गेलेले. आम्ही त्यांना सरच म्हणू. सरांनी सगळे ऐकून घेतले आणि भाच्याला स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणायला सांगितली. समोर एक फळी आडवी ठेवली, तिच्या दोन टोकांवर त्याचे दोन पाय. गुडघ्यांमध्ये झाडूचा दांडा. "ही तुझी दांडी, हे तुझे सुकाणू. आता धावपट्टीवर सरळ चाल." आणि स्वतःची पेन्सिल त्याच्या नाकासमोर धरली. पेन्सिल डावीकडे कलली की त्याने उजवा पाय दाबायचा, उजवीकडे कलली की डावा.

स्कूटर चालवणारे पोर ते. पेन्सिल हलली की हात आधी जायचा, दांडा वळवायचा. पाय जागच्या जागी. सर म्हणाले, "गेलास खड्ड्यात." पुन्हा केले. "पुन्हा गेलास." असे सात-आठ वेळा झाले. जमिनीवर विमान हाताने वळत नाही, पायाने वळते, हे ऐकायला सोपे आहे. आम्हीही त्या खुर्चीत बसून पाहिले. आम्ही तर तिसऱ्याच सेकंदाला खड्ड्यात.

मग सरांनी कारण सांगितले, तेही बॅडमिंटनच्या फुलाने. फूल पिसांच्या बाजूने पुढे फेकले तर हवेत गिरकी घेऊन बूच पुढे येते, कारण जड भाग नेहमी पुढे जायला बघतो. नाकाखाली चाक असलेल्या विमानात मुख्य चाके वजनाच्या मागे असतात. त्यामुळे ते जमिनीवर थोडे वाकडे झाले तर आपणच सरळ होते. शेपटीवर टेकणाऱ्या विमानात उलटे. मुख्य चाके पुढे, वजन मागे. उतरताना ते जरा वाकडे टेकले की मागचे वजन पुढे यायला धडपडते आणि विमान भोवऱ्यासारखे गर्रकन फिरते. पंखाचे टोक जमिनीला घासते, चाकाचा पाय मोडतो. बहुतेक वेळा माणूस वाचतो, विमान मात्र कामातून जाते. हा घात वाऱ्यावर नसलेल्या, जमिनीवर आलेल्या, वेग कमी होत चाललेल्या विमानाचा होतो. शिकणाऱ्याला वाटते, उतरलो, झाले. आणि नेमका तेव्हाच पाय सैल पडतो.

उड्डाणाचे धडेही सरांनी खुर्चीतच दिले. उभे असताना नाक वर असल्याने समोरचे काही दिसत नाही, म्हणून जमिनीवर नागमोडी चालत दोन्ही बाजूंनी बघत जायचे. वेग घेताना दांडी पुढे केली की शेपूट उचलते आणि मग पट्टी समोर दिसते. त्याच वेळी इंजिनाच्या जोराने नाक डावीकडे ओढते, तेव्हा उजवा पाय आधीच तयार हवा. उतरताना तिन्ही चाके एकदम टेकवायची किंवा पुढची दोन आधी. बाजूचा वारा असेल तर काय, हे त्यांनी अर्धा तास सांगितले. त्यातले निम्मे आमच्या डोक्यावरून गेले. भाचा मात्र डोळे न हलवता ऐकत होता.

सर स्वतः अशाच विमानात शिकले होते. त्याचे नाव 'पुष्पक'. आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांना माहीत असेल की हे विमान आपल्याकडेच बनले, बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये. पहिले उड्डाण २८ सप्टेंबर १९५८. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर कापडाचे आवरण, ९० अश्वशक्तीचे इंजिन, शेजारी शेजारी दोन जागा आणि मागे शेपटीचे चाक. अशी दीडशेच्या आसपास बनली आणि देशभरातल्या फ्लाइंग क्लबना मिळाली. यामागची बुद्धी होती डॉ. विष्णू माधव घाटगे यांची. कोल्हापूरकडचा हा मराठी माणूस जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांट्लसारख्या गुरूच्या हाताखाली शिकून आला आणि हवाई दलाच्या एचटी-२ या शिकाऊ विमानापासून पुष्पकपर्यंत एकेक घडवत गेला. एचटी-२ देखील शेपटीवरच टेकायचे. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव क्वचितच भेटते.

त्याआधीच्या काळात तर सगळेच शेपटीवर टेकून शिकले. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला तो जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून. त्यानंतर आगाखानांनी हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने उडणाऱ्या हिंदी माणसाला ५०० पौंडांचे बक्षीस लावले. ते जिंकले ॲस्पी इंजिनिअर या अगदी कोवळ्या वयाच्या पारशी मुलाने, टाटांना मागे टाकून. दोघांचीही विमाने 'जिप्सी मॉथ', लाकडाची आणि कापडाची.

हे सगळे ऐकून भाचा फुशारला. म्हणाला, "सर, पण पहिले उडाले ते आपले अब्बास इब्न फिरनास. राइट बंधूंच्या हजार वर्षं आधी."

बयानात ऐकले असेल, आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. सरांनी मान डोलावली आणि विचारले, "उतरले कसे?"

भाच्याला ठाऊक नव्हते. आम्हालाही. घरी येऊन पुस्तके चाळली. इब्न फिरनास नवव्या शतकातले, अंदलुसमधल्या कुर्तुबाचे. कवी, खगोलाचे जाणकार, काच बनवण्यात हातखंडा. त्यांच्या उड्डाणाची हकिकत सतराव्या शतकातल्या अल-मक्करी या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. अंगाला पिसे लावली, पंख बांधले, उंचावरून झेप घेतली आणि बऱ्यापैकी अंतर गेलेही. मात्र उतरताना जोरात आपटले आणि पाठीला दुखापत झाली. कारणही तिथेच दिले आहे. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. त्यांनी शेपूट बनवलीच नव्हती.

हे वाचून आम्ही बराच वेळ तसेच बसलो. चंद्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव आहे, कुर्तुबात एका पुलाला आहे, आणि ते सारे योग्यच आहे. पण आमच्या मजलिशींत, मदरशाच्या वार्षिक जलशांत, या मासिकाच्या पानांतसुद्धा, आम्ही नेहमी झेप सांगितली आणि आपटणे गाळले. अल-मक्करींना ते गाळावेसे वाटले नव्हते. उद्या कोणा पोराने गच्चीवरून पिसे लावून उडी घ्यायची ठरवली, तर त्याला आमच्याकडून निम्मीच गोष्ट मिळालेली असेल. सूरह मुल्कमध्ये पंख पसरणाऱ्या आणि मिटणाऱ्या पाखरांकडे बघायला सांगितले आहे. पसरणे आम्ही ऐकले, मिटण्याकडे लक्ष दिले नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला हे सांगितले. तो हिरमुसेल असे वाटले होते. त्याने फक्त विचारले, "मग त्यांनी दुसऱ्यांदा शेपूट लावून बघितली का?" तशी हकिकत नाही. पुढे काही वर्षांनी, ८८७ साली, ते वारले.

आता व्यवहाराचे. असे प्रश्न घेऊन पत्रे येतात म्हणून इथे थोडे लिहितो. एजंट म्हणाला होता, "हलकं विमान आहे, परवाना लागत नाही." हे धादांत खोटे. दोन माणसे घेऊन उडणाऱ्या विमानाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, नोंदणी आणि उडण्याची परवानगी लागते. उडवणाऱ्यालाही परवाना लागतो. शिवाय आमच्या डोक्यावरचे आभाळ सांताक्रूझ आणि जुहूच्या विमानांसाठी आखून दिलेले आहे. काशीमीऱ्याच्या पोटमाळ्यावरून निघून कोणी तिथे घुसू शकत नाही. अमेरिकेत ज्यांचे व्हिडिओ भाचा बघतो, तिथेही नव्या घरगुती विमानाच्या सुरुवातीच्या चाचणीच्या तासांत हौशी शिकाऊ सोडाच, प्रवासीसुद्धा बसवता येत नाही. आणि शेपटीच्या चाकाचे विमान चालवायला १९९१ पासून प्रशिक्षकाची वेगळी सही लागते. आपल्या विमानात आपणच पहिला धडा घ्यायचा, ही कल्पना तिथल्या जाणत्यांनाही मान्य नाही. आधी प्रशिक्षकाबरोबर मान्यताप्राप्त विमानात शिकतात, मग शेपटीवाले, मग स्वतःचे.

आपल्याकडे खासगी परवान्यासाठी १७ वर्षे पूर्ण आणि दहावी पास हवे, उड्डाणाचे किमान ४० तास हवेत. पोटापाण्यासाठी उडायचे तर १८ वर्षे, २०० तास आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित. आयटीआय केलेल्या पोराची गाडी इथे अडते. पण राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे विषय घेऊन बारावी देता येते, आणि विमान दुरुस्तीच्या परवान्याची वाटही बारावीच्या विज्ञान-गणितावरूनच जाते. महाराष्ट्रात धुळे, बारामती, शिरपूर, गोंदिया इथे उडायला शिकवतात. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाणही आता जुहू सोडून धुळ्याला आहे. खर्च लाखांचा आहे, थोड्याथोडक्या नव्हे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्ज त्यातला थोडाच वाटा उचलेल. व्याजाच्या बाबतीत ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या आलिमाला विचारावे, आम्ही त्यात पडत नाही. एवढेच सांगतो की पहिला रुपया वैद्यकीय तपासणीवर खर्च करा. डोळे, कान, रंगांची ओळख यात पोर बसत नसेल तर बाकीचे पैसे वाचतील. एजंटाला टोकन हा शेवटचा खर्चसुद्धा नसावा. आमचे ४० हजार अजून परत आलेले नाहीत. फोन उचलत नाही तो.

आपाला हे सगळे सांगायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "पण आपल्यात कोण करतं हे?" तिला हिजाब इम्तियाज अली यांची गोष्ट सांगितली. उर्दूच्या नामवंत लेखिका. सासरे मौलवी मुमताज अली, ज्यांनी आपल्या बेगमसोबत लाहोरहून 'तहजीब-ए-निस्वाँ' हे बायकांचे साप्ताहिक काढले. त्याच घरातल्या या सुनेने १९३६ मध्ये लाहोरच्या फ्लाइंग क्लबमधून वैमानिकाचा परवाना घेतला. घरच्या साप्ताहिकाचे संपादनही त्या बघत होत्या. आपाने 'खरंच?' म्हणून दोनदा विचारले. हैदराबादच्या सय्यदा सल्वा फातिमा यांचेही सांगितले. वडील बेकरीत कामाला, आणि मुलगी वैमानिक झाली. आपा म्हणाली, "त्यांच्या आईला झोप लागत असेल का रे रात्री?" याचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

भाच्याने मुक्त विद्यालयाचा फॉर्म भरला आहे. भौतिकशास्त्र त्याला जमते, गणिताला शिकवणी लावली आहे. दर रविवारी अस्रनंतर मीरा रोडला सरांकडे जातो. बांगड्या आपाच्या हातात आहेत. गाळ्याच्या पोटमाळ्यावर दुल्हाभाईंनी एक जागा मोकळी करून दिली आहे. तिथे त्याने विमानाचा एकच पंख बनवायला घेतला आहे, तोही उडणारा नव्हे, हात बसावा म्हणून. खिडकीच्याच सेक्शनचा. पहिली बरगडी दुल्हाभाईंनी गुण्या लावून तपासली आणि परत करायला लावली.

गेल्या आठवड्यात इफ्तारला त्यांच्याकडे होतो. दस्तरखान पसरलेले, सगळे मांडी घालून बसलेलो. खजूर तोंडात टाकेपर्यंत ठीक होते. मग शरबताचे ग्लास हलू लागले. आपाने दस्तरखानाचे टोक उचलून पाहिले. भाच्याने पाय पुढे पसरले होते आणि समोर भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकाकडे बघत तो एकदा डावा, एकदा उजवा अंगठा दाबत होता.

"पाय आवर," आपा म्हणाली. "शरबत सांडेल."

"अम्मी, पाय आवरले तर विमान फिरेल," तो म्हणाला, आणि लंबकावरून नजर काढली नाही.